झिरो-झिरो

आमच्या दुकानात गाडी घेऊन येणारा माणूस आधी काच खाली करतो, माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "मालक कुठायत?" मी म्हणते, "आत बसलेत." तो उतरून आत जातो. आत माझे यजमान कमरेला पट्टा बांधून, पाठीला उशी घेऊन पेपर वाचत बसलेले असतात. मणक्याचं दुखणं लागल्यापासून त्यांना चाक उचलणं बंद झालंय. ते पेपरातून मान वर न काढता बोटानं बाहेर मलाच दाखवतात. मग तो माणूस परत येतो. येताना त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी नऊ वर्षं बघते आहे. बारा लाखांची गाडी घेताना ज्याला घाम फुटला नाही, त्याला बाईच्या हातात पाना बघून फुटतो.

या लोकांना गाडीचा रंग कळतो, स्पीकर कळतात, नंबर प्लेटवर कुठला आकडा शोभेल ते कळतं. रस्त्याला टेकणाऱ्या चार चाकांबद्दल मात्र आनंदी आनंद. गाडी एका बाजूला ओढत असली की म्हणतात बॅलन्सिंग करा, आणि स्टेअरिंग थरथरत असलं की म्हणतात अलाइनमेंट करा. चाकं कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहेत, ते अलाइनमेंट. एकेका चाकाच्या अंगात वजन सगळीकडं सारखं आहे का, ते बॅलन्सिंग. एवढंच मी रोज सांगते. एकदा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "ताई, शेवटी दोन्ही एकच हो." मी त्यांच्या गाडीचं काम केलं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल मनातल्या मनात हळहळले.

मी शाहूवाडीकडची. बारावी सायन्स झाले, लगेच लग्न झालं आणि कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या टायरवाल्यांच्या घरात आले. सासऱ्यांच्या वेळी दुकानात एक लोखंडी स्टँड होता. त्याच्यावर चाक आडवं ठेवायचं. मधोमध काचेखाली पाण्यात एक बुडबुडा असायचा. चाक ज्या अंगाला जड, त्याच्या उलट अंगाला तो सरकायचा. तिकडं शिशाची वजनं ठेवत जायची आणि बुडबुडा मध्ये आला की हातोडीनं ती ठोकून बसवायची. सासरे म्हणायचे, "झोपल्याला माणूस लंगडा हाय का न्हाय, त्यो उठून चालल्याबिगर कळत न्हाय." आडव्या चाकाचं तेच. चाकाच्या आतल्या कडेला एकीकडं जड असलं आणि बाहेरच्या कडेला बरोबर समोर तेवढंच जड असलं, तर बुडबुडा शहाण्यासारखा मध्ये उभा राहतो, आणि गाडी वेगात गेली की तेच चाक डुलायला लागतं. रुंद टायरच्या गाड्या आल्या तेव्हा सासरे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला लागले, "हे माझ्या स्टँडचं काम न्हाय, दुसरीकडं जावा." त्या घरात खरं बोलणारा तो एकच पुरुष होता. ते गेले आणि महिन्याभरात माझ्या दिरांनी तो स्टँड भंगारात घातला.

हे माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणते, बाहेरचे लोक शेठ म्हणतात. शेठ होण्यासाठी काय लागतं हे मी त्यांच्याकडं बघून शिकले. पांढरा शर्ट, गॉगल, दोन मोबाईल आणि कुठल्याही कामाला हात न लावण्याची जिद्द. त्यांनी कॉम्प्युटरचं बॅलन्सिंग मशीन आणलं. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुकानावर दुकानाच्या नावापेक्षा मोठा त्यांच्या चेहऱ्याचा फ्लेक्स लागला.

मशीन मात्र चांगलं होतं. त्यात चाक उभं बसवायचं. आडवा लोखंडी दांडा असतो, त्याच्यावर चाक चढवायचं आणि पुढून एक मोठा नट फिरवून आवळायचं. चाकाची मापं द्यायची, झाकण खाली घ्यायचं, की चाक गरगर फिरतं आणि थांबल्यावर पडद्यावर दोन आकडे येतात. आतल्या कडेला किती ग्रॅम कमी आहे आणि बाहेरच्या कडेला किती. कुठं ठोकायचं तेही ते दाखवतं. वजन लावून पुन्हा फिरवलं की दोन्हीकडं शून्य यायला पाहिजे. झिरो-झिरो. भावजींना एवढंच आवडायचं. गिऱ्हाइकाला खांद्याला धरून पडद्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "बघा पावणं, झिरो-झिरो. विषय संपला."

मशीनबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. भावजी त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवायचे. मी तेव्हा फक्त डबा घेऊन दुकानात यायचे. यजमानांची कंबर धरली तसं फोन घ्यायला बसले, आणि बसल्या बसल्या ते पुस्तक वाचलं. चहाचे गोल डाग सोडले तर ते कोरं करकरीत होतं. त्यात लिहिलं होतं, मशीन ठरावीक दिवसांनी तपासायचं. त्यात लिहिलं होतं, चाक चढवण्याआधी जुनी वजनं काढायची, डिस्क, म्हणजे टायर ज्याच्यावर बसतो ते लोखंडी चाक, आतून धुवायची. त्यात हेही लिहिलं होतं की साधं फिरवलं तर मशीन थोड्या ग्रॅमचा फरक शून्यच दाखवतं, खरा आकडा बघायला वेगळं बटण दाबावं लागतं. मी एक दिवस ते बटण दाबलं. शून्याच्या जागी चार आलं. भावजींनी माझा हात बाजूला केला. "वहिनी, गिऱ्हाइकासमोर बटणं दाबायची न्हाईत."

मग मी काम शिकले. कुणी शिकवलं नाही. दुकानात दुसरं कोण काम करणार होतं? एकाची कंबर गेलेली आणि दुसऱ्याला शर्ट सांभाळायचा होता.

पुढं भावजींचा वाढदिवस आला. आमच्या कोल्हापुरात वाढदिवसाला केक नसला तरी चालतो, फ्लेक्स लागतोच. फोटोसाठी त्यांनी मशीनवर चढून बसायचं ठरवलं. मी म्हणाले, "भावजी, दांड्यावर बसू नका, ते नाजूक असतंय." ते म्हणाले, "लोखंड हाय की ते, नाजूक कशाचं?" पंच्याण्णव किलोचा माणूस त्या दांड्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसला, गॉगल लावला, दोन बोटं वर केली, आणि फोटो झाल्यावर तिथूनच खाली उडी मारली. फोटो चांगला आला. 'बॅलन्स म्हणजे आपणच' असं त्याच्याखाली छापलं होतं.

त्यानंतर पंधरवड्यात गाड्या परत यायला लागल्या. स्टेअरिंग अजून हलतंय, सीट थरथरतेय. भावजींची उत्तरं तयार असायची. रस्ता खराब आहे. टायर कंपनीनं माल हलका काढलाय. ड्रायव्हर क्लच नीट सोडत नाही. क्लचचा नि थरथरीचा काय संबंध, हे विचारणारा एकही माईचा लाल निघाला नाही. उलट माना डोलवायचे. पडद्यावर शून्य दिसलं की यांचं समाधान. गाडी हलते हे हाताला कळतंय, पण मशीन म्हणतंय हलत नाही, तर मशीनचं खरं. मला त्या माणसांची कीव यायला पाहिजे होती. मला त्यांचा राग यायचा.

या सगळ्यांत एक काका होते. राधानगरीकडचे, सत्तरीला आलेले, डेअरीला दूध घालणारे. एका डॉक्टरची जुनी लहान गाडी त्यांनी घेतली होती. गाडी धुऊन, पुसून आणायचे. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "सत्तरच्या पुढं गेली की स्टेरिंग हलालंय." स्टेअरिंग हललं तर बहुतेक पुढच्या चाकांत खोट असते, सीट हलली तर मागच्या. मी पुढची दोन्ही चाकं काढली, बॅलन्स केली, झिरो-झिरो आलं. दहा दिवसांनी काका परत. "अजून हलालंय की." पुन्हा केलं. या खेपेला भावजींनी त्यांना पुढचे दोन टायरही नवे घ्यायला लावले.

काका जाता जाता काकुळतीनं म्हणाले, "न्हाय, मला खरंच जाणवतंय ओ."

भावजींनी त्यांचा हात हातात घेतला, चारचौघांसमोर वर उचलून धरला आणि म्हणाले, "काका, गाडी न्हाय हलत. ह्यो हात हलालाय. वय झालं आता, पोरांस्नी चालवाय द्या."

दुकानात होते ते सगळे हसले. काकाही हसले. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही. मला तोवर शंका आलेली होती. मशीनच चुकतंय असं मला दोन महिने वाटत होतं. कसं तपासायचं तेही मला माहीत होतं, पुस्तकात होतं. तरी मी तपासलं नाही. तपासलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर घरात रोज जेवताना तोंडं वाकडी झाली असती. म्हणून मी गप्प बसले. लोकांना नावं ठेवताना हे मी सोयीनं विसरते.

तिसऱ्यांदा काका आले ते बाजूच्या सीटवर बसून. गाडी त्यांचे जावई चालवत होते. मी विचारलं, "काका, आज तुम्ही न्हाय चालवली?"

"मी सोडलं आता," ते म्हणाले. "डॉक्टरकडं गेलतो. त्येंनी ताकदीच्या गोळ्या दिल्यात. हात थांबतोय काय बघायचं." मग जावयाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "पण जावई चालवतोय तरी हलतंयच की. त्यो म्हणतोय, तुमी बाजूला बसून थरथरताय."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि मला दाखवले. धारा काढून काढून बोटं जाड झालेली. एकही बोट हलत नव्हतं.

मी चाक काढलं. डिस्कवर आधीच्या दोन खेपांची वजनं अशी लागलेली होती की बेंदराच्या सणाला सजवलेला बैल बरा. सगळी काढून टाकली, डिस्क आतून धुतली, चाक चढवलं. वजनं लावली. झिरो-झिरो. भावजी गिऱ्हाइकांना घेऊन शेजारीच उभे होते. "बघा," ते म्हणाले, "आणि काय पायजे?"

मग मी पुस्तकातली गोष्ट केली. नट सैल केला, चाक दांड्यावर अर्धं फिरवलं, म्हणजे वरची बाजू खाली आली, आणि पुन्हा आवळून मशीन चालू केलं. मशीन खरं असेल तर आकडा बदलायला नको. चाक तेच, वजनं तीच. पडद्यावर आतल्या बाजूला तीस आलं आणि बाहेरच्या बाजूला पंचवीस.

कुणाला काही कळलं नाही. मी परत फिरवून दाखवलं. पहिल्या जागी शून्य, अर्ध्या फेरीवर तीस. मग झाकण उघडं ठेवून रिकामा दांडा हातानं सावकाश फिरवला. त्याचं टोक डुलत होतं. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

"काका," मी म्हणाले, "तुमच्या हाताला काय झालं न्हाय. गाडीलाबी न्हाय. आमच्या मशीनचा दांडा वाकलाय."

भावजींचा आवाज चढला. "वहिनी, काय बोलालाय तुमी? डोकं फिरलंय काय?"

"फोटोला बसला होता त्याच्यावर. तवापासनं वाकलाय."

उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला. मी आत बघितलं. माझे यजमान पेपर खाली करून बघत होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी पेपर पुन्हा वर केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्याबद्दल एवढी स्वच्छ तुच्छता मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

भावजी जवळ आले आणि दातओठ खाऊन म्हणाले, "अर्धी फेरी फिरवायचीच कशाला? सरळ लावायचं, सरळ काढायचं. कोण बघाय येतंय?"

मी मशीनचा तो मोठा नट काढला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. नटाशिवाय चाक आवळता येत नाही आणि मशीन नुसतं शोभेचं राहतं. पिशवी खांद्याला लावली. काकांचं चाक गाडीला परत बसवलं आणि त्यांना म्हणाले, "चला, समोरच्या दुकानात जाऊ."

समोरचा दुकानदार म्हणजे आमचा वीस वर्षांचा वैरी. त्याच्याबद्दलही मला फार बरं बोलता येणार नाही. मला गिऱ्हाईक घेऊन आलेली बघून त्याला इतका आनंद झाला की त्यानं चहा मागवला. पण त्याचं मशीन सरळ होतं. काकांच्या त्या चाकात दोन्ही कडा मिळून पंचवीस-तीस ग्रॅमची खोट निघाली, दुसऱ्यात पस्तीस. त्यानं ती दुरुस्त केली. मी अर्धी फेरी फिरवायला लावली, तर तो नाराज झाला, पण त्यानं फिरवलं. आकडे जिथल्या तिथं.

"आता तुम्ही चालवा," मी काकांना म्हणाले. जावई मागं बसले. मी बाजूला बसले. गाडी हायवेला घेतली. साठ झाले, सत्तर झाले. काकांनी आधी स्टेअरिंग गच्च धरलं होतं. ऐंशीला त्यांनी बोटं सैल सोडली आणि नुसते तळवे टेकवून ठेवले. स्टेअरिंग पाण्यासारखं शांत होतं. मागून जावई म्हणाले, "लई भारी झाली की गाडी." काका रस्त्याकडं बघत चालवत होते. गाल ओले झाले होते, ते पुसण्यासाठी त्यांनी एक हात काढला आणि एका हातानंही गाडी सरळ चालली.

परत वळल्यावर त्यांनी विचारलं, "तुमास्नी कवा कळलं, मशीन बिघडलंय ते?"

"आज," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. जनावरांत आयुष्य गेलेल्या माणसाला डोळे वाचता येतात. "बरं," ते म्हणाले. दुकानापाशी मला उतरवलं, काच वर केली आणि ते गेले.

तो नट मी चार दिवस जवळ ठेवला. भावजींनी घर डोक्यावर घेतलं. घरची अब्रू वैऱ्याच्या दारात नेली, बाईमाणसाला दुकानात बसवलं हीच चूक झाली, असं बरंच काही. माझ्या माहेरी फोन गेला. माझ्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दांडा वाकलाय का न्हाय?" भावजींनी फोन ठेवला. माझे यजमान दोन्हीकडची समजूत घालत होते. म्हणजे भावजींकडं गेले की मान हलवायचे आणि माझ्याकडं आले की म्हणायचे, "अगं, जरा नमतं घे की." मी म्हणाले, "दांडा नमलाय तेवढा बास."

पाचव्या दिवशी गिऱ्हाईक परत जायला लागलं तेव्हा भावजींनी स्वतःच कंपनीच्या माणसाला पुण्याहून बोलावलं. तो आला, त्यानं दांड्याला एक घड्याळासारखं माप लावलं, फिरवलं आणि विचारलं, "ह्याच्यावर कुणी बसलं होतं का?" भावजींनी गॉगल पुसायला घेतला. बाहेर फ्लेक्सवर तो फोटो अजून होता. त्या माणसानं तो येतानाच बघितला असणार, कारण त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. नवा दांडा बसवला. जाताना मशीन कसं तपासायचं ते भावजींना समजावून सांगायला लागला. भावजी मोबाईलवर बोलत बाहेर निघून गेले, मग त्यानं मला सांगितलं. मला सगळं येत होतं, तरी मी ऐकून घेतलं.

आठवड्यात नवीन फ्लेक्स लागला. 'आता नव्या तंत्रज्ञानासह.' भावजी गिऱ्हाइकाला सांगतात की ही अर्ध्या फेरीची तपासणी कोल्हापुरात त्यांनी पहिल्यांदा आणली. मला बोलावतात, "वहिनी, पावण्यांना फिरवून दाखवा की." मी दाखवते. गिऱ्हाईक भावजींचा हात हातात घेऊन आभार मानतं. माझ्याकडं बघून म्हणतं, "वा, मावशींनाबी शिकवलंय तुमी."

मी रोज सकाळी पहिलं चाक चढवायच्या आधी मशीन तपासते. जुनी वजनं काढते, चिखल धुते, बटण दाबून खरा आकडा बघते आणि तो गिऱ्हाइकालाही दाखवते. बहुतेकांना तो नको असतो. दोन ग्रॅम दिसले तर ते घाबरतात. त्यांना शून्य पाहिजे असतं. दोन ग्रॅमनं काही होत नाही हे सांगितलं तर त्यांना वाटतं मी कामात चुकारपणा करतेय. एक जण तर म्हणाला, "शेठच बरे होते, झिरो दाखवायचे."

काका परत आले नाहीत. टायरनं काही हजार किलोमीटर खाल्ले की बॅलन्सिंग पुन्हा बघावं लागतं, म्हणून वर्षभरानं मी त्यांना फोन केला. ओळख सांगितली. पलीकडं गोठ्यातलं भांडं वाजल्याचा आवाज आला.

"गाडी कशी चाललीय, काका?"

"चांगली चाललीय. मीच चालवतो."

"पुढची चाकं एकदा बघून घ्या म्हणलं. आमच्याकडं या, मी स्वतः करते."

"केलं की परवा," ते म्हणाले. "तुमच्या समोरच्या दुकानात."

मी म्हणाले, "बरोबर केलंत." पण त्यांनी फोन ठेवलेला होता.